उलटा माग

इथे अमेरिकेत ज्या काकांकडे मी पोळ्या करायला जाते, ते दर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरात माउंटन लायनचा, म्हणजे बिबट्याएवढ्या रानमांजराचा, माग काढतात. यंदा डबे सांभाळायला मलाही नेलं. ताजे ठसे दिसताच बरोबरची तरुण मंडळी ओरडली, “काका, पुढे जाऊ या ना यार!”

काका नेहमीसारखे उलटे वळले. जनावर जिकडून आलं तिकडेच ते जातात. मला म्हणाले, “मागे लागलं की ते आणखी लांब पळतं गं.” म्हणून त्यांना ते कधीच दिसलेलं नाही.

“काका लायन नाही, त्याची बेडरूम शोधतात!” कुणीतरी म्हणालं. काकाही हसले.

एका झाडाखाली जनावर निजून गेलं होतं, तेवढा बर्फ वितळून खळगा झाला होता. काकांनी हातमोजा काढून उजवा तळवा त्यात ठेवला.

“ऊब आहे का, काका?” मी विचारलं.

“नाही. गेलं केव्हाच.” हात मात्र काढला नाही.

त्यांचा मुलगा भांडून घर सोडून गेला, फोनही उचलत नाही. त्याच्या खोलीतली उशी अजून मधोमध दबलेली आहे. एकदा मी ती झटकायला घेतली, तर काका दारातूनच ओरडले होते. एरवी ते कधी आवाज चढवत नाहीत.

परतताना मी चहा दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. उजवी मूठ मिटलेलीच होती.