नदीतला दगड

लेक झेक देशातल्या एका लहानशा खेड्यात राहते. दर रविवारी मी हैदराबादच्या कुकटपल्लीत बसून फोनवर तिचं गाव बघते: टेकडी, जुनं चर्च, खाली नदी. परवा ती पात्रातल्या एका दगडावर हसत उभी होती.

"आई, पाणी फार आटलं तरच हा दिसतो. जुन्या लोकांनी यावर दुष्काळाची सालं कोरलीत. लोक फोटो काढायला येतात!"

माझं डोकंच फिरलं. मराठवाड्यात आमच्या गावच्या विहिरीतही अशीच एक खालची पायरी होती. ती उघडी पडली की तिच्यावर कुणी पाय ठेवत नसे. बायका गाव सोडायच्या तयारीनं भांडी बांधायला घेत. तसेच आम्ही हैदराबादला आलो.

"हसतेस काय? उतर आधी खाली!"

ती नदीत उतरली. तिचे बूट भिजले नाहीत.