खिडकीकडची खुर्ची

शेवटच्या भेटीत शांतवननं मला खुर्च्या बदलायला सांगितलं होतं. "पुढच्या गुरुवारी तू भिंतीकडच्या खुर्चीत बस, मी खिडकीकडच्या. तुझी बाजू मी मांडतो, माझी तू मांड. बघू या कोण हरतं ते." मी हसलो. म्हटलं, "माझी बाजू तू माझ्यापेक्षा बरी मांडतोस, हे तुमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण तुझी मांडायची तर मला आधी प्रार्थना शिकावी लागेल, आणि या वयात ते काही जमायचं नाही." तोही हसला, पण विषय सोडला नाही. जिन्यापर्यंत येऊन पुन्हा म्हणाला, "येशील ना? मी तयारी करून ठेवतो." पुढचा गुरुवार आलाच नाही. मुलीच्या ऑपरेशनसाठी मी मनमाडला गेलो, तिथला मुक्काम लांबत गेला, आणि एका सकाळी एस्तरवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." मागे कोणीतरी हलक्या आवाजात गीत म्हणत होतं. मी कसंबसं विचारलं, "कधी?" त्या म्हणाल्या, "खुर्चीत. खिडकीकडच्या." मी वेळ विचारली होती, त्यांनी जागा सांगितली. दुःखात माणूस असंच बोलतो, असं मला तेव्हा वाटलं.

शांतवन पाडळे चर्चच्या पाळकांना शिकवणाऱ्या एका विद्यालयात जुनी ग्रीक भाषा आणि जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास शिकवायचा. येशू नावाचा माणूस झालाच नाही, किंवा झाला असला तरी त्याची गोष्ट मागाहून रचली गेली, असं म्हणणाऱ्यांना अभ्यासानं उत्तर देणं, हे त्यानं आयुष्याचं काम मानलं होतं. आणि मी इतिहासाचा प्राध्यापक, चांदवडच्या कांदेवाल्यांच्या घरातला, देव-धर्म दोन्ही न मानणारा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी नाशिकमध्ये एक व्याख्यान दिलं होतं, 'येशू खरंच होऊन गेला का?' तारुण्यात आवाज मोठा आणि वाचन बेताचं असतं, तसं ते व्याख्यान होतं. टाळ्या भरपूर पडल्या. पहिल्या रांगेत बसलेला एक सडपातळ माणूस शेवटी माझ्याकडे आला. आता भांडण होणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. तो म्हणाला, "तुमचा तिसरा मुद्दा कच्चा आहे. तो बराच पक्का करता येईल. घरी या, माझ्याकडे साधनं आहेत." मी चक्रावून विचारलं, "तुम्ही ख्रिस्तीच ना?" "हो, म्हणून तर. कच्च्या मुद्द्याला उत्तर देण्यात काय मजा?"

त्या दिवसापासून आमचे गुरुवार सुरू झाले. शरणपूर भागातल्या त्याच्या घरात मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, पुस्तकांनी खचाखच भरलेली, आणि तिच्यात समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या. भिंतीकडची त्याची, खिडकीकडची विरोधकाची. समोर कोणी असो नसो, आधी खिडकीकडच्या खुर्चीत बसायचं आणि विरोधकाची बाजू मोठ्यानं, मनापासून मांडायची. ती इतकी भक्कम झाली पाहिजे की स्वतः विरोधकानंही मान डोलवावी. मगच उठून भिंतीकडे जायचं आणि उत्तर द्यायचं. हा त्याचा नेम होता, आणि तो कधी मोडला नाही. मी म्हणायचो, त्या काळच्या रोमन इतिहासकारांनी येशूची नीट दखलही का घेतली नाही? तो म्हणायचा, "तुमच्या चांदवडच्या सुताराला फाशी झाली, तर दिल्लीचा बखरकार लिहील का? तरी दोघा-तिघांनी ओझरतं लिहिलंच, आणि ते काही त्याचे भक्त नव्हते. शिवाय त्याच्या सख्ख्या भावाला भेटून आलेल्या माणसाचं पत्र आपल्या हातात आहे. दंतकथेला भाऊ असतो का रे?" मी म्हणायचो, भक्तांनी रचलं असेल. त्यावर त्याचा आवडता मुद्दा यायचा. रचणारा माणूस आपल्याच बाजूची फजिती रचत नाही. गुरूला गुन्हेगाराचं मरण, पट्टशिष्य ऐनवेळी ओळख नाकारतो, आणि रिकामी कबर पहिल्यांदा पाहतात त्या बायका, ज्यांच्या साक्षीला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. "लाज आणणारा तपशील दिसला की थांबायचं. तिथे बहुधा काहीतरी घडलेलं असतं."

या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की तिची आम्ही आधी थट्टा केली आणि नंतर करेनासे झालो. खिडकीकडच्या खुर्चीत बसून माझी बाजू मांडता मांडता शांतवनचा आवाज माझ्यासारखा व्हायला लागला. मी बोलण्याआधी घसा खाकरतो, 'ते ठीक आहे, पण...' म्हणून सुरुवात करतो. तो हे सगळं घ्यायचा, नकळत. एकदा सोमवारी वहिनी दोन कप चहा घेऊन खोलीत गेल्या, तर आत हा एकटाच, माझ्या खुर्चीत. "अगोबाई, भाऊजी कुठायत? आत्ता तर बोलत होते!" असं पुढे वरचेवर व्हायला लागलं. मी नाशिकमध्ये नसलो तरी माझ्यासाठी चहा व्हायचा. वहिनी सिन्नरच्या, मोकळ्या स्वभावाच्या, मला हसून सांगायच्या, "तुमच्या वाटणीचा चहा मीच पिते, झोप नाही लागत मला." एकदा जिन्यातून वर येताना मी स्वतः तो आवाज ऐकला. मीच आत बसून बोलतो आहे, आणि अजून वर पोचायचा आहे... मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. घाबरलो होतो, हे सांगायला लाज कसली?

एकाच मुद्द्यावर आमचं बिनसलं. येशू मेल्यावर पुन्हा उठला, त्या पुनरुत्थानाबद्दल मी म्हणालो होतो की दुःखात बुडालेल्या माणसांना गेलेला माणूस दिसतो, ऐकू येतो. शिष्यांचंही तेच झालं असणार.  शांतवन हळूच म्हणाला, "तुला दिसली का सुमन?" माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. मला ती कधीच दिसली नव्हती. मी फार वाट पाहिली होती. मी उठलो आणि पुढचे काही गुरुवार गेलो नाही. मग ईस्टरच्या आदल्या दिवशी तो स्वतःच घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला त्यांच्या दफनभूमीत घेऊन गेला. धुकं होतं. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लावून माणसं कुजबुजल्यासारखी गीतं म्हणत होती, आणि धुक्यामुळे गाणारे दिसत नव्हते, नुसते आवाज येत होते. तिथे त्यानं मला सांगितलं, "येशूच्या चार चरित्रांतलं सगळ्यात जुनं शुभवर्तमान कुठे संपतं, ठाऊक आहे? बायका कबरीपासून पळत सुटतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. बस, तिथेच. पुढचा शेवट मागाहून कोणीतरी जोडला, कारण लोकांना ते सोसवेना. मला मात्र तो पहिलाच शेवट खरा वाटतो. तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही, बोरस्ते. सापडलं की सांगेन." त्यानं ते कधीच सांगितलं नाही.

तो गेल्यावर मला एक सवय लागली. गुरुवारची दुपार कलली की पाय आपोआप शरणपूरकडे वळायचे. ते आवरण्यासाठी मी घरीच बोलायला लागलो. गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो, दारं-खिडक्या बंद. समोर रिकामी खुर्ची ठेवायची आणि बोलायचं. पण माझी बाजू नाही, त्याची. त्यानं खुर्च्या बदलायला सांगितलं होतं ना... एका गुरुवारी, दूध तापत ठेवून मी असाच बोलत होतो आणि अचानक मला ते उत्तर सापडलं. दुःखात गेलेला माणूस दिसतो, मान्य. पण तो दिसला की आपली खात्री पटते की तो गेला. 'तो उठला' असं त्यावरून कोणी म्हणत नाही. तो शब्द दुसरीकडून कुठूनतरी आला असला पाहिजे. मी इतका खूश झालो की उठून टाळी द्यायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. "च्यायला, दूध!" असं ओरडून मी पळालो. ओटा पुसताना मला रडू आलं. हे उत्तर सांगायला जगात एकच माणूस होता.

त्यानंतर दोनेक दिवसांनी वहिनींनी बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीत दगड कोरणारा कारागीर बसला होता. "बाई, दगड कवाचा तयार हाय. नाव घातलं. खाली वचन कोणतं घालायचं, तेवढं सांगा, लय दिवस झाले." वहिनींनी त्याला 'उद्या सांगते' म्हणून वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळल्या. त्यांच्याकडे थडग्यावर बायबलमधलं पुनरुत्थानाचं वचन घालायचा रिवाज आहे. "पण मी घालू कशी, भाऊजी? शेवटचा सगळा महिना मला आतून फक्त तुमचाच आवाज येत होता. म्हणजे, ते तुमच्या खुर्चीत बसून बोलायचे तो. रोज तोच मुद्दा, माणसांना भास होतात म्हणून. भिंतीकडे उठून जाऊन त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. हरले का हो ते? आयुष्यभर पुरावा मागितला त्या माणसानं. त्यांच्या डोक्याशी मी खोटं कोरून ठेवू?"

मी त्यांना शेवटच्या भेटीतलं सांगितलं. त्यानं मला भिंतीकडे बसायला सांगितलं होतं. माझी बाजू घोटून घोटून तो माझी वाट बघत होता. उत्तर त्यानं माझ्यावर सोपवलं होतं. वहिनींनी डोळे पुसले. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "तरीच. मग तुम्हाला एक सांगते, हसू नका. परवा गुरुवारी दुपारी मला पुन्हा आतून आवाज आला. ह्यांचा आला असता तर मी समजले असते की माझ्याच मनाचे खेळ. पण तुमचा आला. मी सवयीनं दोघांचा चहा टाकला, बघा किती वेडी मी."

"काय बोलत होतो मी?"

"नीट कळलं नाही. गेलेला माणूस दिसला तर तो उठला असं कोण म्हणतं, असं काहीतरी. पण तुम्ही भिंतीकडून बोलत होता, ह्यांच्या जागेवरून. आणि मध्येच ओरडलात, 'च्यायला, दूध!' तुम्ही माझ्यासमोर कधी असा शब्द काढत नाही. मी धावत ओट्यापाशी गेले, तर गॅसवर दूधच नव्हतं, नुसता चहा. आत येऊन बघितलं, कोणी नाही. खिडकीकडची खुर्ची मात्र पुढे ओढलेली, सरसावून बसल्यासारखी."

बंद दाराआडून ऐकलेली, शोकातल्या एका बाईची साक्ष. माझ्या वर्गात मी ती क्षणात निकालात काढली असती. पण माझ्या कानात शांतवनचं वाक्य घुमत राहिलं, लाज आणणारा तपशील दिसला की थांबायचं. वहिनींनी विचारलं, "घालू ना वचन?" मी म्हटलं, "घाला." त्या म्हणाल्या, "तुम्ही मानता?" मी म्हटलं, "मी नाही मानत, वहिनी. पण तो हरला नव्हता." त्या गुरुवारी घरी मी काय बोललो होतो, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली. आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

दगड आता जागेवर बसला आहे, वचनासकट. मी पुन्हा दर गुरुवारी जातो आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसतो. एका मुद्द्यापाशी बोलणं आपसूक थांबतं, समोरून 'ते ठीक आहे, पण...' यायला हवं त्या जागी. खिडकीतलं ऊन समोरच्या रिकाम्या वेतावर सरकत असतं. तेवढ्यात दाराबाहेरून वहिनी विचारतात, "चहा टाकू का दोघांना?"

मी घसा खाकरतो आणि हो म्हणतो.