दुसरी चटई

“ये, बठ. आते आपन दोन.”

असं म्हणत दुसरी चटई अंथरणारे चर्चवाले बाबा. माझ्या नावापुढे आज बी. ए. लागतं, त्यासाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो त्यांचाच.

मोलगीच्या रस्त्यापासून दोन टेकड्या आत ते दगडी चर्च आहे. तिथे जीप जात नाही. परदेशातून आलेल्या एका पाद्र्याने ते झऱ्याकाठच्या वस्तीसाठी बांधलं. दगड नदीतून खांद्यावर आले. बाबांचे आजोबा या कामासाठी खालच्या मैदानातल्या कळसाडीकडून आलेले गवंडी, त्यामुळे डोंगरात जन्म जाऊनही बाबांची बोली अहिराणीच राहिली.

पुढे झरा आटला. वस्ती रस्त्यावर गेली, तिथे पत्र्याचं नवं चर्च झालं, स्पीकरसुद्धा आला. जुन्यात उरली घंटा, वटवाघळं आणि बाबा.

आम्ही ख्रिस्ती नाही. मी तिथे अभ्यासाला जायचो. जवळच्याच पाड्यावर आमचं घर, एका खोलीचं, त्यात शेळ्या. चर्चच्या भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात पुस्तक घेऊन मावता यायचं. भर उन्हाळ्यात पाठीला गार दगड लागायचा. तिथे बसलं की आपल्यालाही काहीतरी येईल असं वाटायचं.

बाबांनी मोबदल्यात एकच मागितलं, रविवारची सोबत. एकट्याने प्रार्थना सुरू करायची नाही, हा त्यांचा आजोबांपासूनचा नेम. रविवारी ते झाडलोट करत, घंटा वाजवत आणि पायवाटेकडे बघत बसत. कुणीच आलं नाही तर ऊन पायरीवर आलं की न गाताच कुलूप लावत.

“मन्हा देव मानू नको,” ते म्हणाले, “नुसता बठी ऱ्हाय.”

एकदा मला उशीर झाला. दारात एक शेळी उभी होती. मी म्हणालो, “बाबा, हिला धरून सुरू करायचं ना.”

“इचारं मी तिले. मान हालावस, पन आमेन म्हनत नही.”

चार वर्षं मी दुसऱ्या चटईवर बसलो. बाबांचा आवाज फाटका होता, पण त्या भिंतींमध्ये तो भरून यायचा.

नाशिकला नोकरी लागली. निघताना पाया पडलो तर त्यांनी एवढंच विचारलं, “रविवारले सुट्टी ऱ्हास ना तुले?”

“हो बाबा.”

“मंग बरं.”

दिवाळीच्या सुमारास आई फोनवर म्हणाली, घंटा ऐकू येते, गाणं येत नाही. बाबांकडे फोन नव्हता. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि गाणं पुन्हा सुरू झालं का, हे मीही आईला विचारलं नाही.

या उन्हाळ्यात गावी गेलो. बाबा जाऊन महिना झाला होता. आईकडे ठेवलेल्या किल्लीने चर्चचं कुलूप उघडलं, तर आत दोन चटया अंथरलेल्या. दुसरीवर माझं पत्र, त्यावर नदीतला एक गोटा. उघडून उघडून कागद घडीवर फाटला होता.

“ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता मी खोलीत चटई टाकून बसतो. तुम्हाला ऐकू येणार नाही, पण आमेन म्हणतो. मला धरा आणि सुरू करा. आता आपण दोन आहोत.”