गुरं बसायची ती जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. आमच्या बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी माग थांबले की कट्ट्यावर असल्या गोष्टींना ऊत यायचा... कुणाला विहिरीवर बाई दिसलेली, कुणाच्या मामाला मुंज्यानं वाट चुकवलेली. मी उठून घरी जायचो. विणकराला पहाटे उठायचं असतं, मुंज्याचं ऐकत बसायला फुरसत कुठली? तेव्हा हे जे लिहितोय ते भुताचं नाहीच. यात बाई नाही, आवाज नाही, रात्रसुद्धा नाही — भर दुपारची गोष्ट आहे, आणि गुरांची. आपल्या मासिकात वाचकांचे अनुभव येतात ते बायको माझ्याकडून वाचून घेते. तीच म्हणाली, "एकदा लिवून टाका आनी मोकळं व्हा. रोज उठून मला नगा इचारू." म्हणून लिहितो.

लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं. मिळायचं ते रेशनवर, आणि त्यात एक साडी पुरी निघायची नाही. माग बंद पडला. शेवटी बायको, रखमा, म्हणाली की माझ्या माहेरी चला. तिचं माहेर निपाणीच्या बाजूला. बेळगावहून निपाणीकडे जाताना संकेश्वर मागे टाकलं की डाव्या हाताला डोंगराकडे एक गाडीवाट फुटते, तिच्या टोकाला. गावाचं नाव लिहीत नाही, लोकांना आवडणार नाही. तिचे थोरले भाऊ तिथले पाटील. अख्खं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणायचो. त्यांनी मला काम दिलं — गावामागच्या माळाची राखण. सासुरवाडीला येऊन पडलेला जावई, त्यात राखणदार! आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

हा माळ काय होता ते सांगायला हवं. आप्पांच्या लहानपणी तिथं दाट राई होती. पुढे कोळशासाठी तोड झाली, माती पावसाबरोबर वाहून गेली, आणि उरलेल्या मुरमावर घाणेरी माजली. तुम्ही पाहिली असेल, तांबड्या-पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. दिसायला साजरी, वासाला उग्र, गुरं तोंड लावत नाहीत आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. राई गेली तसा पायथ्याचा झराही आटला. आप्पांनी डोक्यात घेतलं की घाणेरी काढायची आणि इथलीच झाडं परत लावायची... करंज, बेहडा, शिवण, आवळा, जांभूळ. पंचांना पटवून त्यांनी माळ गुरांना बंद केला.

सांगायला हे एका दमाचं काम आहे. करताना हाडं खिळखिळी होतात. घाणेरी नुसती तोडली तर दुपटीनं फुटते. ती मुळासकट उपटावी लागते, तीही जमीन ओली असताना, म्हणजे पाठीवर पाऊस घेत. मग उन्हाळाभर रोपांना डोक्यावरून पाणी. आणि पुढच्या पावसात बघावं तर पाखरांनी बी टाकून घाणेरी पुन्हा हजर, आपली रोपं मात्र उन्हात करपून काड्या झालेली. दोन उन्हाळे असेच गेले. सुतात वाढलेले माझे हात काट्यांनी सोलवटले. रखमाच्या हातांकडे तर मी बघणंच सोडलं होतं. खरं सांगतो, त्या माळाचा मला मनापासून कंटाळा आला होता.

तिसऱ्या वर्षी पंचही कंटाळले. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी माळ खंडानं, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं, मागत होता. पंचांनी सांगितलं की या पावसाळ्यात माळावर रोपं उभी राहिली तर ठीक, नाहीतर माळ तंबाखूला. आप्पा तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. मला जवळ बसवून म्हणाले, "पाव्हणं, एवढा उनाळा रोपं जगवा. मला दुसरं काय नगं."

या खेपेला रोपं आम्ही लहान लहान बुट्ट्यांत, म्हणजे टोपल्यांत, माती भरून वाढवली होती, पाऊस पडला की बुट्टीसकट खड्ड्यात ठेवायची म्हणून. आटलेल्या झऱ्यापाशी पाल्याचा मांडव घालून त्याखाली ती ठेवली. पण चैत्र लागला आणि मांडवाचा पालाच वाळून गळून गेला. नवा पाला आणायला माळावर झाड कुठं होतं? ओढ्याकाठी आंबे होते, पण फळाला आलेल्या झाडाचा पाला कोण तोडू देणार? रोपंच त्यांच्या सावलीत न्यावीत, तर तिथं गावच्या शेळ्या बसायच्या, एक पान शिल्लक राहिलं नसतं. रोज सकाळी आणखी काही रोपांनी माना टाकलेल्या असायच्या. मी रखमाला म्हणालो, "संपलं हे. सामान बांध." ती घागर उचलून पाण्याला गेली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे गुरं. बंद माळावर दुपारी हटकून गुरं शिरलेली असायची आणि मी ती हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचो. गावची गुरं राखायची गंगाक्का, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. एकदा ती तरातरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जावाईबापू, माजी गुरं सोडा. काय खाल्लंय त्यांनी तुमचं?"

"बंद माळात शिरलीत, गंगाक्का."

"शिरली म्हंजी खाल्लं व्हय? नुस्ती बसाय जात्यात ती. जाऊन बगा की एकदा!"

"बसायला? असल्या उन्हात? मी विणकर हाय, खुळा न्हाय."

"खुळं न्हाय तर मग बसल्या जनावराला कोंडताय कशापायी?"

मी ठरवलं, हिला मुद्देमालासकट पकडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरं येताना दिसली तरी हटकलं नाही, घाणेरीच्या जाळीमागे बसून राहिलो.

कबरी नावाची म्हातारी गाय पुढे होती, बाकीची तिच्या मागे. आमच्या वाळक्या मांडवाला वळसा घालून गेली, एकाही रोपाला तोंड लावलं नाही. माळाच्या मध्यावर एक उघडी-बोडकी जागा होती. आम्ही तिथली घाणेरी पहिल्याच वर्षी काढलेली, पण नंतर तिथं काही जगलं नव्हतं. गुरं तिथं गेली आणि बसली. एकमेकांना चिकटून, निवांत रवंथ करत. उन्हानं दमलेलं जनावर धापा टाकतं, जीभ काढतं, तसं काही नाही. एक वासरू जरा लांब बसलं होतं ते उठलं आणि ढुशा देत इतरांमध्ये घुसलं. सगळा कळप एका गोल जागेत मावून बसला होता आणि त्या गोलाबाहेर एकही जनावर नव्हतं.

एवढ्यावर मी म्हटलं असतं की असेल जनावरांची खोड. पण ऊन कलायला लागलं तशी कबरी उठली, चार पावलं उगवतीकडे सरकली आणि पुन्हा बसली. तिच्या मागोमाग सगळी उठली, सरकली, बसली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. झाडाखाली बसलेली गुरं दुपार कलताना सावलीबरोबर सरकतात, अगदी तसं. फक्त झाड नव्हतं.

मी उठून तिथं गेलो. माझ्या पायात काही नव्हतं. जन्मभर मागाखालच्या खड्ड्यात अनवाणी पाय सोडून पावड्या, म्हणजे मागाच्या पायपट्ट्या, दाबलेल्या, वहाणेची सवयच नाही. तापल्या मुरमावरून उड्या मारत निघालो आणि गुरांपर्यंत पोचलो तर... पायाखाली गार! डोळ्यांना ऊन दिसत होतं, लख्ख, डोळे दिपवणारं. पण तळपायाला सावली, मानेला सावली. एक पाऊल मागे घेतलं की चटका, पुढे टाकलं की गार. मी वेड्यासारखा पुढे-मागे करत राहिलो. अंगावर काटा आला होता, पण भीती म्हणावी तशी वाटली नाही. उलट खाली बसावं आणि उठूच नये असं वाटलं.

गंगाक्का आली. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय गार-बीर लागत न्हाय बाबा. गुरं बसली की मी बसती." रखमालाही आणलं. तिलाही काही लागलं नाही. ती माझ्या कपाळावर हात ठेवून बघायला लागली, ताप आहे का म्हणून!

संध्याकाळी आप्पांना विचारलं की तिथं पूर्वी काय होतं. ते म्हणाले, नांद्रुक होतं, राईतलं सगळ्यात मोठं झाड, तोडायलाच किती दिवस लागले होते. पण ती तोड आप्पांच्या पोरवयातली. कबरीच काय, तिच्या आईची आईसुद्धा तेव्हा जन्मली नसेल. मी आपली समजूत घालायला खाली पाणी असेल म्हणून तिथं खणूनही पाहिलं. नुसता कोरडा मुरूम निघाला. आणि पाणी असतं तरी गारवा उगवतीकडे सरकला कसा असता?

पुढची अक्कल गंगाक्काची, तीही चेष्टेत सांगितलेली. दुसऱ्या दिवशी मी परत तिथं जाऊन बसलेला बघून ती म्हणाली, "एवडं गार लागतंय तर तुमची रोपं बी आना की हितं. गुरांसंगं बसू देत!"

मी रोपं आणली.

आता हसाल. गाव तर हसतच होतं. रोज दुपारी गुरं येऊन बसायची, त्यांच्या मधल्या जागेत आम्ही बुट्ट्या मांडायचो. कबरी उठून सरकली की मी, रखमा आणि गंगाक्का बुट्ट्या उचलून तिच्या मागे. रणरणत्या उन्हात तीन माणसं गुरांच्या मागोमाग रोपं हलवतायत! वरच्या वाटेनं जाणारे ओरडायचे, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!" मी म्हणायचो, म्हणा. कोंडवाडा मी बंद केलाच होता. गुरांनी एका पानाला तोंड लावलं नाही. रखमा दर फेरीला म्हणायची, "मला तर काय कळंना बाई," आणि तरी बुट्टी उचलायची. तिचे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत. कंबर मोडून जायची, संध्याकाळी भाकरी चावायचं त्राण उरायचं नाही. पण माना टाकलेली रोपं सावरली. करंजाला नवी पालवी फुटली. मांडवाच्या जागी मी खातरी करायला काही बुट्ट्या मागे ठेवल्या होत्या. पाणी त्यांनाही तितकंच घालत होतो. त्या सगळ्या वाळल्या.

पाऊस लागल्यावर काय झालं ते आधीच सांगून टाकतो. रोपं माळभर लावली, ती जगली, पंचांनी येऊन बघितली. व्यापाऱ्याला दुसरा माळ बघायला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम त्या जागी गेलो, पायाला चटका बसला. गुरंही तिकडे फिरकली नाहीत, गंगाक्कानं नेली तरी कबरी तिथून निघून गेली. असं का, ते मला माहीत नाही. सावली कुठून आली आणि कुठं गेली, याचा विचार करणं मी सोडून दिलंय. शिकलेले लोक म्हणतात तुला भास झाला. झाला असेल, पण मग रोपांनाही झाला म्हणायचं.

मला छळतं ते वेगळंच. पावसाच्या थोडं आधी आप्पांनी हट्ट धरला, मला तिथं न्या. गाडीत घोंगडी घालून त्यांना आणलं. गुरांच्या मध्ये जागा करून मी त्यांना बसवलं, स्वतः शेजारी बसलो. मला छान गार लागत होतं. विचारलं, "आप्पा, लागती का सावली?"

त्यांनी डोळे मिटले. जमिनीवर तळवा टेकला.

"न्हाय, पाव्हणं. मला ऊनच लागतंय."

मी त्यांना जरा इकडे सरकवलं, जरा तिकडे. अगदी मध्यावर नेलं, जिथं मला शहारे येत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, श्वास लागला होता. तीन वर्षं ज्या माणसानं या माळाचा ध्यास घेतला, ज्यानं ते नांद्रुक उभं असताना पाहिलं होतं, त्याला नाही... आणि मी, शहापूरचा उपरा, ज्याला हा माळ कधी एकदा सुटतो असं झालं होतं, त्याला! मला रडू आलं. "आप्पा, चला परत जाऊ," म्हणालो.

"थांबा वाईच," ते म्हणाले. "रोपांस्नी लागती न्हवं?"

"व्हय."

"मग झालं. मला कुटं वाडायचंय आता?"

ते उठायला तयार नव्हते, रोपांकडे बघत बसले होते. तोपर्यंत ऊन कललं होतं. मी उठून त्यांच्या मावळतीच्या बाजूला गेलो, धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरला आणि माझी सावली त्यांच्या डोक्यावर पडेल असा उभा राहिलो. ती मात्र त्यांना लागली. म्हणाले, "हां... आता बरं वाटतंय."