बेंबीपासून गुडघ्यापर्यंत

आमच्या बाहेरच्या खोलीत, दार उघडलं की समोरच, माझ्या थोरल्या भावाचा उघडा फोटो होता. अगदीच उघडा नाही, बोटभर रुंदीची एक काळी चमकती चड्डी होती. तिला ते लोक कॉस्च्यूम म्हणायचे. बाकी सगळा भाऊ तेलाने माखलेला, दंड फुगवलेले, मांड्यांच्या शिरा तटतटलेल्या, गळ्यात मेडल. वॉर्डातल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला, तेव्हा अब्बांनी स्टेशनजवळच्या स्टुडिओतून तो फोटो मोठा करून आणला आणि फ्रेममध्ये घातला. त्याच फोटोखाली बसून मला रोज सांगितलं जायचं की ओढणी नीट घे.

हे लिहिताना आजही डोक्यात तिडीक जाते.

आम्ही कोकणातले मुसलमान. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी चाळीत राहायचो. अब्बा एका गोदामात कारकून होते. भाई साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा आणि संध्याकाळी व्यायामशाळेत घाम गाळायचा. घरातली अंडी त्याची, दूध त्याचं, मटणातले चांगले तुकडे त्याचे. स्पर्धेच्या दिवशी मा, म्हणजे आमची आई, त्याच्या पाठीला खोबरेल चोळायची आणि मी वाटी धरून उभी राहायचे. मग अख्खी चाळ शिट्ट्या मारायला मैदानात. खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही वाजवल्या. भाऊ होता माझा.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी मी नववीत होते. मी खो-खो खेळायचे आणि चांगली खेळायचे. सूर मारून गडी बाद करण्यात शाळेत माझ्या तोडीचं कोणी नव्हतं. त्या वर्षी आमची शाळा फायनलला गेली. मॅच मुलुंडला होती, रविवारी. बाकीच्या मुली हाफपँटवर खेळायच्या. मी खेळाच्या बाईंना भीतभीत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सलवार घाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, डोक्याला रुमाल बांध. मला काय करायचंय त्याच्याशी? तू पळ फक्त."

मग माच्या हातची पांढऱ्या पॉपलिनची सलवार तयार झाली. धावताना वर सरकू नये म्हणून पायांशी इलास्टिक घातलं. दोन वेळा तिने मला खोलीत वाकून, बसून, उडी मारून दाखवायला लावलं. घोटा दिसला नाही. मॅचच्या आधीच्या सोमवारी ती सलवार धुऊन दोरीवर टाकली आणि भाईने ती पाहिली.

"ही कशाला?"

"फायनलला घालायला."

"कसली फायनल? परक्या पुरुषांसमोर धावणार तू? लाज आहे की नाही काही?"

मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी पेपर खालीसुद्धा ठेवला नाही. "बरोबर बोलतोय तो. आता मोठी झालीस, बाय. बस झाला खेळ."

त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, भाई कॉस्च्यूम घालून हसत होता. ते कोणालाच दिसलं नाही. मलासुद्धा त्या दिवशी दिसलं नाही, इतकी मी त्या फोटोला सरावले होते. मोरीत जाऊन रडले आणि भांडी घासली.

डोळे उघडले ते बुधवारी, मौलवीसाहेबांकडे. शाळेच्या आधी चाळीतली मुलं त्यांच्या घरी कुराण शिकायला जायची, मुलगे एका भिंतीशी, मुली दुसऱ्या. म्हातारे होते, आवाज बारीक, पण बोलणं सरळ. त्या दिवशी त्यांनी कपड्यांचे नियम घेतले. मला वाटलं, झालं, आता परत ओढणी. पण त्यांनी तोंड मुलग्यांकडे वळवलं.

"आधी पुरुषांचं. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत पुरुषाने झाकलेलं पाहिजे. दुसऱ्या पुरुषासमोरसुद्धा. कपडा घट्ट नको, पातळ नको, अंगाचा आकार दिसेल असा नको. रेशीम नाही, सोनं नाही. मिरवण्यासाठी पायजमा जमिनीवर लोळवायचा नाही. आणि नजर खाली. नजरेचा हुकूम आधी पुरुषांना आहे, बायकांना नंतर. बायकांचं आपण पुढच्या आठवड्यात घेऊ."

समोरचे मुलगे आपापल्या हाफपँटी गुडघ्याकडे ओढायला लागले. मला हसू आलं आणि पाठोपाठ संताप आला. म्हणजे नियम होता. त्याच्यासाठीही होता, आणि आधी होता. आमच्या घरात तो कोणी उच्चारलासुद्धा नव्हता.

संध्याकाळी मी भाईला जसंच्या तसं सांगितलं. तो हसला. "ते नमाजापुरतं असतं गं. हा तर खेळ आहे."

"माझाही खेळच आहे."

"तुझं वेगळं. जास्त शहाणपणा करू नकोस."

गुरुवारी दुपारी मा रेशनच्या रांगेत होती. मी फ्रेम खाली उतरवली, मागचे खिळे पक्कडीने काढले. कणकेची खळ शिजवली. मग माझी ती नवी सलवार घेतली आणि तिचा एक पाय कापला. कात्री चालवताना जिवावर आलं, पण ती घालून कुठे जायचं होतं मला? त्या कापडाची मी फोटोच्या मापाने लुंगी कापली. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, अगदी मोजून. खळ लावून भाईला नेसवली, काच बसवली, खिळे ठोकले आणि फोटो जागेवर टांगला.

संध्याकाळी भाई व्यायामशाळेतले दोन मित्र घेऊन चहाला आला. त्यातला एक फोटो बघून बशी हातात धरून इतका हसला की चहा सांडला. भाईने वर पाहिलं. माझ्या अंगावर धावून आला, हात उगारला, तेवढ्यात अब्बा दारात आले.

"कोणी केलं?"

"मी केलं," मी म्हटलं आणि मौलवीसाहेबांचं सगळं बोलणं म्हणून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

अब्बांनी फोटोकडे पाहिलं. त्यांना नियम माहीत होता. त्यांच्या तोंडावर मला ते स्पष्ट दिसलं, आणि तेव्हापासून मी त्यांना पूर्ण माफ कधीच करू शकले नाही. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर ते मौलवीसाहेबांना विचारून आले, फोटो उतरवला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. "दोघांना एकच नियम," म्हणाले.

मी आनंदले. एकच नियम, म्हणजे झाकलं की झालं. "मग मी रविवारी जाऊ? मा दुसरा पाय शिवून देईल. माझं सगळं झाकलेलं असतं, अब्बा."

"पुरे. घराचा तमाशा केलास तेवढा बस झाला."

रविवारी मुलुंडला आमची शाळा जिंकली. माझ्या जागी जी खेळली तिला धड सूर मारता येत नव्हता, तरी जिंकल्या. हरल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. टीमचा फोटो शाळेच्या ऑफिसबाहेर लागला. दहावीचं सबंध वर्ष मी त्याच्यासमोरून मान वळवून गेले.

आणि घरातला फोटो? दीड महिन्यात परत भिंतीवर. भाईला बघायला मुलीकडची माणसं येणार होती. मा ओलं फडकं घेऊन बसली आणि तिने लुंगी सोडवली. खळीचा पिवळट डाग मांड्यांवर राहिला, तो कोणाच्या लक्षात आला नाही. पाहुणे फोटो बघून खूश झाले. अब्बा त्याच्याखाली बसून त्यांना मेडलची हकीकत सांगत होते, आणि मी डोक्यावरून ओढणी घेऊन चहाचा ट्रे धरून उभी होते. एकच नियम दीड महिना टिकला, तोही भाईसाठी. माझ्यासाठी तो सुरूच झाला नव्हता.

आज भाई साठीच्या पुढे आहे. दाढी राखलीय, पायजमा घोट्याच्या वर, कुर्ता सैल, अंगठी चांदीची. ढोंग करत नाही, मनापासून पाळतो, हे मी मान्य करते. चाळीतलं घर रिकामं केलं तेव्हा फोटो मी उचलून आणला. दर ईदला तो माझ्याकडे शीरखुर्मा खायला येतो आणि निघताना तेच मागतो.

"तो फोटो दे ना, बाय. फाडून टाकतो. गुनाह आहे तो. त्या वेळी मला कळत नव्हतं."

"मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस," तो म्हणतो आणि नजर खाली घालतो. "चुकलं. आता दे."

"देते. अब्बांना विचारून ये, रविवारी मी मुलुंडला जाऊ का."

अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. भाई चपला घालतो आणि जिना उतरून जातो. फोटो माझ्या कपाटात आहे, एका पायाच्या सलवारीत गुंडाळलेला.