निमकर साहेबांनी करून पाहिलेली पुस्तकं

निमकर साहेब पुस्तक नुसतं वाचत नसत, करून पाहत. एका रहस्यकथेतला खुनी माकुणसारहून केळव्याला चालत जातो, तर हेही भर उन्हात चालत गेले आणि एवढ्या वेळात खून उरकून परतणं अशक्य, असा निकाल देऊन मोकळे झाले. घरगुती औषधांच्या पुस्तकातला काढा त्यांनी बायकोला पाजला. त्या बिचारीचे पुढचे हाल आम्हाला परीक्षणातच कळले.

मला हा माणूस कधीच आवडला नाही. तारापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते बोईसरच्या आमच्या वाचनालयात दर महिन्याला एका अपरिचित पुस्तकावर बोलत. कादंबरी, प्रवास, विहीर खणण्याची माहिती, काहीही चालायचं. "कोणी वाचत नाही, त्यामागे बहुधा कारण असतं," ही त्यांची सुरुवात. लोक हसायचे. सगळा जन्म कारखान्यात माल तपासून नापास करण्यात गेलेला, खोड कुठली जायला!

किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या माझ्या हिरामावशीनं सांगितलेल्या कालवणांचं पुस्तक मी लिहून काढलं होतं, पालघरला छापूनही घेतलं. सासरी गेलेल्या पोरींनी मासळीचं रांधप विसरू नये, एवढाच तिचा हेतू. पण छापलेलं पुस्तक हातात आलं आणि तिला हुरूप आला. आता स्वतःबद्दल सांगायचं होतं. नवरा समुद्रात बुडून गेला, त्यानंतर डोक्यावर मासळीची टोपली घेऊन काढलेल्या दिवसांबद्दल. ती सांगायची, मी लिहायची. त्याआधी ते तिनं पोटच्या पोरांनाही सांगितलं नव्हतं.

अशात निमकरांनी कालवणांचं पुस्तक उचललं. मावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली.

"मी शुद्ध शाकाहारी," निमकर म्हणाले, "म्हणून बोंबलाच्या जागी दुधी घातला. बाकी सगळं लेखिकेच्या शब्दाबरहुकूम. कालवण पाणचट झालं. लेखिकेला मापाचा अंदाज नाही."

मी उठून म्हटलं, "साहेब, मासळीच्या पुस्तकात मासळीच नको?"

"कृती पक्की असेल तर जिन्नस बदलला तरी टिकते."

सगळे खो खो हसले. बहुतेक निमकरांनाच हसले असतील, पण मावशीला ते कसं कळावं?

रिक्षात ती म्हणाली, "नको लिवू आता. दुदीच्या कालवणावर एवडे हसले, माज्या रडण्यावर किती हसतील?"

मी खूप मनधरणी केली. "नाय बाय," एवढंच उत्तर. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

निमकर मुलाकडे नाशिकला निघाले तेव्हा वाचनालयानं निरोपाचा चहा ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या मावशींचं दुसरं पुस्तक येणार होतं ना? मी वाट पाहतोय."

"मावशी गेली. अर्धंच राहिलं."

त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते, खोटं का बोला. "अर्धं तर अर्धं. मला द्या. मी नीट वाचतो."

वाचलंही असतं. ओळ न् ओळ. इतकं जीव ओतून वाचणारा दुसरा माणूस बोईसरपासून पालघरपर्यंत मला ठाऊक नाही, आणि माझा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर आहे.

"नाही देणार," मी म्हटलं. "ते तिनं फक्त मला सांगितलंय."