कंडक्टरचे कान

आमच्या गल्लीतली कुत्री फिरवणारा माणूस पूर्वी बसवर कंडक्टर होता. नोकरी सुटली, तोरा सुटला नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो पहिल्या दाराशी उभा राहतो, दोन मिनिटं थांबतो आणि कुत्रं आलं नाही तर चालू लागतो. मालक एक चप्पल घालून मागे धावतात. "पुढच्या गाडीने या," असं तो त्यांना तोंडावर सांगतो. कुत्र्यांनाही "पुढे सरका, दार अडवू नका" हेच ऐकवतो. ती सरकतात. माझी मुलं एवढी माझ्या ऐकण्यात कधीच नव्हती.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ढोलीला दीड महिना त्याच्याकडे सोपवायची वेळ आली. ढोली माझी कुत्री, नाव आकारावरून. लोक म्हणतात म्हणून विश्वास ठेवायची मला सवय नाही. आठवड्यातून एकदा तो सगळ्यांना दिवसभरासाठी गावाबाहेरच्या माळावर नेतो. तेव्हा म्हटलं, काठी टेकत एकदा जाऊन बघावं.

"चला बाई," तो म्हणाला. "पण उभ्याने प्रवास करावा लागेल."

थंडी सरत आलेली, हवेचा काही नेम नव्हता. निघताना मी स्वेटर घातला, चौकात काढला, कालव्यावर पुन्हा घातला. कंडक्टरच्या कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला सहा कड्या, प्रत्येक कडीला एक कुत्रा. सगळ्यात पुढे लंबू, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा शिकारी कुत्रा, नुसते पाय आणि नाक. मी डावीकडून चालत काहीतरी विचारलं, तर उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मला हाताला धरून उजवीकडे घेतलं. "तिकडे चिखल आहे." चिखल कुठेच नव्हता.

माळावर त्याने सगळ्यांना सोडलं आणि स्वतः एका दगडावर बसला. लंबू पार टोकाला गेला तरी हाक नाही की शिट्टी नाही. जवळ लोळणाऱ्या कुत्र्यांच्या कानांकडे मात्र तो एकटक बघत होता. एकदम म्हणाला, "मागून सायकल येतेय." मागे वळले तर खरंच सायकल.

जेवणाचे डबे उघडले आणि आभाळ भरून आलं. आधी वारा, मग टपोऱ्या गारा. पाच कुत्री आमच्या पायांत शिरली. लंबू दिसेना. तेवढ्यात त्याचं केकाटणं ऐकू आलं, स्पष्ट, कालव्याच्या बाजूने. कंडक्टर उठला आणि बरोबर उलट्या दिशेने, झाडांकडे धावत सुटला.

"अहो, तिकडे कुठे? कालव्याकडे!" मी ओरडले. तो थांबला, गरगर फिरला आणि पुन्हा झाडांकडेच निघाला. गारांच्या आवाजात माझं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचलं, पण शब्द कोणते आणि येतात कुठून, हे कळत नसावं. शेवटी तो परत आला आणि कुत्र्यांसमोर उकिडवा बसला. पाचही जणांनी कान मानेला चिकटवून ठेवलेले. माझी काठी कालव्याकडे रोखलेली, तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

गारा आल्या तशा थांबल्या आणि लख्ख ऊन पडलं. ढोलीने अंग झाडलं. तिचे कान वर झाले, मग बाकीच्यांचे, आणि दहाच्या दहा कान एकाच दिशेला वळले. त्या दिशेने तो सुसाट गेला. कालव्याखालच्या पाइपात लंबू अडकला होता, पाणी त्याच्या पोटापर्यंत चढलेलं. कंडक्टरने त्याला मागचे पाय धरून ओढून काढलं. खांदा खरचटला होता, एवढंच.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही ना?" मी विचारलं.

"अजिबात नाही. एका कानाने आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. बसवरून त्यासाठीच काढलं." मग लंबूचं अंग पुसत म्हणाला, "बाई, डॉक्टरीणबाईंनी लंबू देताना विचारलं होतं, तब्येत ठीक आहे ना? मी हो म्हणालो. बाकीच्यांनी त्यांच्या शब्दावर कुत्री दिलीत. त्यांनी लंबूला काढून घेतलं की गाडी रिकामी."

"खांदा दिसणारच आहे त्यांना."

"तेच तर. काटे लागले म्हणू?"

"म्हणा. पुढच्या वेळी पाइपातून मेलेला काढाल, तेव्हा काय लागलं म्हणाल?"

परतताना तो माझ्या दहा पावलं पुढे चालला. मला काय त्याचं!

डॉक्टरीणबाई दवाखान्यातून मास्क गळ्यात तसाच ठेवून बाहेर आल्या. त्याने सगळं सांगितलं, कानासकट, बसच्या नोकरीसकट. बाईंनी लंबूचा खांदा चाचपला. त्यांचा चेहरा चांगलाच उतरला होता.

"मला आधी सांगायला हवं होतंत."

"हो."

"यापुढे त्याला मोकळं सोडायचं नाही."

"मग माझ्याकडे देऊ नका," कंडक्टर म्हणाला. "बांधून फिरवायला तुमचे मिस्टर आहेत की."

मी कपाळाला हात लावला. पाय धरायच्या वेळी या माणसाला कणा आठवला! बाईंनी दार लावून घेतलं.

दोन दिवस कंडक्टर पाच कुत्री घेऊन गेला, त्यात माझी ढोलीही होती. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः लंबूला घेऊन फाटकाशी उभ्या. त्याच्या गळ्यात नवी पितळी घंटा.

"घंटा काढा," कंडक्टर म्हणाला. "ती चहूकडून वाजते मला. काहीतरी भडक रंगाचं बांधा, लांबून दिसेल असं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग घंटा सोडली आणि स्वतःच्या गळ्यातला केशरी स्कार्फ काढून लंबूला बांधला. चांगला रेशमी होता. मी असते तर जुनं फडकं आणलं असतं.